रेंज पूर्ण, नेट बंद

बाणेर-बालेवाडीकडच्या कुठल्याही सात-आठ मजली ऑफिस इमारतीत दुपारी साडेतीनच्या सुमारास जा, एक वाक्य हमखास कानावर पडतं: "रेंज फुल्ल आहे, पण नेट चालत नाहीये." व्हिडिओ कॉलवर समोरच्याचं तोंड अर्धवट उघडं राहून गोठलेलं असतं. कुणीतरी लॅपटॉप तळहातावर तोलत कॉन्फरन्स रूमच्या दारात येऊन उभं राहिलेलं असतं. आयटीवाल्याने फोन उचलणं कधीच बंद केलेलं असतं. संध्याकाळपर्यंत निर्णय होतो, "अजून एक राउटर टाका." राउटर येतो, छताला लटकतो, दोन दिवस बरे जातात आणि मग तक्रार पुन्हा सुरू होते, बहुधा आधीपेक्षा वरच्या पट्टीत.

दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्ये हा उपाय चालून जातो, म्हणूनच तो सगळ्यांच्या तोंडी बसलाय. व्यापारी इमारतीचं गणित वेगळं आहे. तिथे सिग्नल पोचत नाही ही अडचण कोपऱ्याकोपऱ्यांपुरती असते. खरं दुखणं असतं ते सिग्नलांच्या गर्दीचं. त्यामुळे दुरुस्ती बऱ्याचदा काही डबे बंद करण्यापासून आणि उरलेल्यांचा जोर उतरवण्यापासून सुरू होते. पैसे मोजून बोलावलेला माणूस असलेलंच सामान कमी करायला सांगतो, हे मालकाच्या गळी उतरवणं हा या धंद्यातला सगळ्यांत अवघड भाग.

फोनवरच्या त्या पंख्यासारख्या चिन्हाच्या सगळ्या कमानी भरल्या, याचा अर्थ एवढाच की छतावरचा ॲक्सेस पॉइंट (बोलीभाषेत एपी) फोनला नीट ऐकू येतोय. फोनचं बोलणं एपीला ऐकू जातंय की नाही, याबद्दल ते चिन्ह मौन पाळतं. एपी शंभर-दोनशे मिलिवॉटने बोलू शकतो; फोनला बॅटरी वाचवायची असते, तो तीस-पन्नास मिलिवॉटवर भागवतो. एपीचा जोर वाढवला की लांबच्या टेबलावर कमानी भरतात, माणूस खूश होतो, पण त्याच्या फोनचं उत्तर परत येईपर्यंत विरून जातं. म्हणून जाणकार एपीचा जोर साधारण फोनच्या तोडीला आणून ठेवतात. कमानी थोड्या कमी दिसतात, काम मात्र होतं.

सिग्नलची ताकद डीबीएम या एककात मोजतात. शून्य डीबीएम म्हणजे एक मिलिवॉट. आकडा तीनने उतरला की ताकद निम्मी होते, दहाने उतरला की दहावा हिस्सा उरतो. ऑफिसात कॉल न तुटता चालावेत म्हणून आखणी करताना सहसा उणे ६७ डीबीएम ही किमान पातळी धरतात. हिशेब केला तर ती एका मिलिवॉटचा पन्नास लाखावा भाग भरते. एवढ्याशा ऊर्जेतून आपला फोन साहेबांचा चेहरा आणि आवाज वेचून काढतो, याचं कौतुक करायला कुणाला सवड नसते. अर्थात नुसती ताकद पुरेशी नाही. भोवतालच्या गोंगाटापेक्षा सिग्नल पंचवीसेक डीबी (दोन पातळ्यांतला फरक डीबीत मोजतात) तरी वर असावा लागतो. गर्दीच्या इमारतीत गोंगाटच वर चढतो आणि उणे ६७ असूनही उपयोग होत नाही.

भिंतींचं खाणं-पिणं ज्याचं त्याचं ठरलेलं आहे. जिप्समच्या पार्टिशनमध्ये तीन-चार डीबी जातात, विटेच्या भिंतीत सहा ते दहा, सळईच्या काँक्रीटमध्ये पंधरा-वीस किंवा त्याहूनही जास्त. लिफ्ट आणि जिन्याचा जो काँक्रीटचा गाभा इमारतीच्या मधोमध असतो, त्याच्या पलीकडची बाजू अलीकडच्या एपीला दिसतच नाही असं धरून चालावं. कपाटांच्या पत्र्याच्या रांगा, फायलींनी गच्च भरलेले रॅक, पाण्याच्या टाक्या हे सगळे लाटा अडवणारे. माणूसही बऱ्यापैकी पाण्याचाच बनलेला, म्हणून तोही अडवतो. दिवाळीच्या सुट्टीत रिकाम्या ऑफिसात केलेली मोजणी भरल्या सोमवारी खोटी पडते ती याच कारणाने.

आणि काच. ऊन आत येऊ नये म्हणून या नव्या इमारतींच्या काचेला धातूचा अतिशय पातळ थर दिलेला असतो. तो उष्णतेबरोबर रेडिओ लहरीही परतवतो. बाहेरच्या मोबाइल टॉवरचा सिग्नल काचेतून आत येताना इतका मार खातो की आतल्या माणसाचे फोनकॉलही वायफायवर अवलंबून राहू लागले. आपल्याकडे वायफाय कॉलिंगची सोय २०१९ च्या अखेरीस आणि २०२० च्या सुरुवातीला आली, तेव्हापासून हा भार वाढतोच आहे. काही जण यावर उपाय म्हणून बाजारातून मोबाइल सिग्नलचा बूस्टर आणून बसवतात. परवानगीशिवाय तो बसवणं बेकायदा आहे आणि शेजारच्या टॉवरला त्याचा त्रास होतो तो वेगळाच. काचेचा एक फायदा मात्र कुणी सांगत नाही: समोरच्या इमारतीचं वायफाय ती बाहेरच थोपवते.

आता गर्दीचं दुखणं नेमकं काय ते पाहू. सोसायटीची वार्षिक सभा डोळ्यांसमोर आणा. एका वेळी एकानेच बोलायचं. बोलण्याआधी ऐकायचं, कुणी बोलत नसेल तर क्षणभर थांबून सुरुवात करायची. दोघांनी एकदम तोंड उघडलं तर दोघांनीही गप्प बसून पुन्हा प्रयत्न करायचा. वायफाय शब्दशः असंच चालतं. एका चॅनेलवर, एकमेकांना ऐकू येणाऱ्या सगळ्या उपकरणांत मिळून एका क्षणी एकच बोलतो. या सभेत रेंगाळत बोलणारे आजोबा असले तर बाकीच्यांची वेळ खाल्ली जाते. लांबच्या कोपऱ्यातला, कमकुवत सिग्नलवरचा लॅपटॉप हेच करतो, कारण सिग्नल कमी झाला की वेग उतरतो आणि तेवढाच मजकूर पाठवायला जास्त वेळ लागतो. त्याच चॅनेलवर दुसरा एपी लावणं म्हणजे सभेत लोक वाढवणं. सभेची वेळ तेवढीच राहते. दुसरी सभा भरवायची तर दुसरा हॉल हवा, म्हणजे दुसरं चॅनेल.

चॅनेलं किती आहेत? २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात आपल्याकडे तेरा दिसतात, पण ती एकमेकांवर चढलेली आहेत. ती पाच-पाच मेगाहर्ट्‌झच्या अंतरावर आहेत आणि एका वायफायला वीस मेगाहर्ट्‌झ लागतात. त्यामुळे एकमेकांत न मिसळणारी व्यवहारात तीनच उरतात: १, ६ आणि ११. हुशारी म्हणून कुणी ३ किंवा ८ निवडतं तेव्हा तो दोन्हीकडच्यांना त्रास देतो आणि स्वतःही सुखी राहत नाही. ही जागा मुळात कुणालाच नको असलेली होती. मायक्रोवेव्ह ओव्हन २.४५ गिगाहर्ट्‌झवर चालतात, म्हणून तिथला गोंगाट गृहीतच होता. १९८५ साली अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने अशा टाकाऊ पट्ट्या विनापरवाना दळणवळणासाठी खुल्या केल्या आणि त्यातून पुढे वायफाय निघालं. १९९७ च्या पहिल्या मानकाचा वेग होता सेकंदाला दोन मेगाबिट. भारतात २.४ चा पट्टा २००५ च्या जानेवारीत परवानामुक्त झाला. ऑफिसच्या पॅन्ट्रीत जेवणाच्या सुट्टीत डबे गरम होऊ लागले की शेजारच्या टेबलांवरचं नेट अजूनही अडखळतं ते या जुन्या शेजारामुळे.

बोलायला काहीच नसतानाही एपी गप्प बसत नाही, ही बाब बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. 'मी इथे आहे, माझं नाव अमुक' अशी हाळी तो सेकंदाला जवळजवळ दहा वेळा देतो. तिला बीकन म्हणतात. जुन्यातल्या जुन्या उपकरणालाही कळावी म्हणून ती सगळ्यांत कमी वेगाने दिली जाते. २.४ मध्ये हा वेग मुळात एक मेगाबिट. बीकन साधारण तीनशे बाइटचं धरलं तर चोवीसशे बिट झाले, म्हणजे २.४ मिलिसेकंद. सेकंदाला दहा म्हणजे २४ मिलिसेकंद. अडीच टक्के वेळ गेला, त्यात काय एवढं? पण ऑफिसात एका एपीवर नावं किती असतात ते बघा: स्टाफचं, पाहुण्यांचं, डायरेक्टर साहेबांचं वेगळं, कॅमेऱ्यांचं, आणि कधीतरी चाचणीसाठी सुरू करून बंद करायचं राहून गेलेलं. पाच नावांची पाच बीकनं, बारा टक्के. एकाच चॅनेलवर असे चार एपी एकमेकांना ऐकू येत असतील तर जवळजवळ अर्धा वेळ नुसत्या नावाच्या हाळ्यांत संपला. अजून कुणी ईमेलसुद्धा उघडलेला नाही.

म्हणूनच पहिली कात्री नावांवर चालवायची. दोन-तीनांत भागतं, वेगवेगळ्या माणसांना वेगवेगळे अधिकार द्यायला वेगळं नाव लागतच नाही, ते लॉगिनवरून ठरवता येतं. दुसरी कात्री कमी वेगांवर. एक, दोन, साडेपाच आणि अकरा मेगाबिटचे वेग बंद करून किमान बारा ठेवला की तेच बीकन ०.२ मिलिसेकंदात उरकतं. तिसरी गोष्ट म्हणजे निम्म्याअधिक एपींवरचा २.४ चा रेडिओच बंद करायचा, कारण हा पट्टा लांब पोचतो आणि लांब पोचणं हाच इथे त्याचा अवगुण. पूर्ण बंद मात्र करता येत नाही. हजेरीचं बायोमेट्रिक यंत्र, जुना प्रिंटर, कार्ड स्वाइपचं मशीन यांतली कित्येक फक्त २.४ वरच चालतात आणि सोमवारी सकाळी हजेरी लागली नाही तर एचआरवाले अंगावर येतात.

इथे जरा आडवाट. इमारतीच्या आत लहर सरळ एका वाटेने येत नाही. ती खांबावर, कपाटावर, काचेवर आपटून अनेक वाटांनी, थोडी थोडी उशिरा पोचते. तीस मीटरचा जास्तीचा फेरा पडला तर ०.१ मायक्रोसेकंदाचा उशीर. वेगवान प्रक्षेपणात एवढ्या उशिराने एक अक्षर दुसऱ्यावर चढतं. यावरचा प्रभावी तोडगा ज्यांनी शोधला त्यांत ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेचा चमू होता. त्याचे प्रमुख जॉन ओसलिव्हन हे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ. फुटणाऱ्या लहानग्या कृष्णविवरांचे संकेत शोधताना वापरलेलं गणित त्यांना या कामी उपयोगी पडलं. माहिती एकाच वेगवान धारेत न पाठवता अनेक संथ धारांत वाटायची, म्हणजे उशिरा आलेला प्रतिध्वनी खपून जातो. १९९६ साली त्याचं अमेरिकन पेटंट मिळालं आणि बऱ्याच कोर्टकचेऱ्यांनंतर संस्थेला चाळीस कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरांहून अधिक रक्कम मिळाली. आज वायफायमध्ये दोन अक्षरांच्या मध्ये साधारण ०.८ मायक्रोसेकंदाची मोकळी जागा ठेवलेली असते. म्हणजे दोनशे चाळीस मीटरपर्यंतचा फेरा चालतो. महाराष्ट्राचा या संस्थेशी जुना ऋणानुबंध आहे. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप १९५० च्या दशकात तिथे काम करत होते आणि १९६५ साली कल्याणला त्यांनी जी पहिली रेडिओ दुर्बीण उभारली तिच्या बत्तीस तबकड्या त्याच संस्थेने भेट दिलेल्या होत्या. नारायणगावजवळचं खोडदचं रेडिओ दुर्बिणींचं केंद्र नंतरचं.

असो. ऑफिसचं खरं काम आता ५ गिगाहर्ट्‌झवर चालतं. भारतात २०१८ च्या ऑक्टोबरात या पट्ट्यातले एकूण ६०५ मेगाहर्ट्‌झ परवान्याविना वापरायला मोकळे झाले. वीस मेगाहर्ट्‌झची चॅनेलं पाडली तर ती पंचविसेक होतात. म्हणजे तीनऐवजी पंचवीस हॉल. लहर आखूड असल्यामुळे भिंतीत लवकर अडकते आणि शेजारच्या मजल्यावर कमी सांडते. मोठ्या इमारतीत हे वरदानच. पण विक्रेत्याला वेग दाखवायचा असतो, म्हणून डब्यातून काढलेला एपी ऐंशी मेगाहर्ट्‌झच्या रुंद चॅनेलवर लागलेला असतो. चार चॅनेलं एकत्र बांधली की एकट्या माणसाची स्पीड टेस्ट झकास येते आणि इमारतीत पाच-सहाच हॉल उरतात. गजबजलेल्या मजल्यावर वीसवर, फार तर चाळीसवर राहावं. स्पीड टेस्टचा आकडा निम्म्यावर येतो. पन्नास माणसांचे कॉल मात्र एका वेळी चालतात.

५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातल्या मधल्या चॅनेलांवर रडारचा पहिला हक्क आहे. तिथे बोलण्याआधी एपीने किमान मिनिटभर कान देऊन बसायचं आणि रडार ऐकू आलं की चॅनेल सोडून निघून जायचं, असा संकेत जगभर पाळला जातो. मुंबईत वेरावलीला २०२२ च्या जानेवारीपासून हवामान खात्याचं सी-बँड डॉप्लर रडार आहे आणि अशी रडारं ५.६ गिगाहर्ट्‌झच्या आसपास काम करतात. अंधेरी-जोगेश्वरीच्या उंच मजल्यांवर वायफाय अधूनमधून मिनिटभर गायब होत असेल, तर एपीच्या नोंदवहीत रडारची नोंद आहे का ते आधी बघावं. असेल तर तेवढी चॅनेलं यादीतून वगळायची.

एपी कुठे लावायचा, हा प्रश्न बहुतेक इमारतींत केबल जिथे सहज पोचेल तिथे, असा सुटतो. म्हणजे कॉरिडॉरमध्ये. लांबलचक कॉरिडॉरच्या छतावर ओळीने सहा एपी. मध्ये भिंत नाही, त्यामुळे ते एकमेकांना स्वच्छ ऐकतात आणि एकमेकांसाठी थांबून राहतात. माणसं मात्र दोन्ही बाजूंच्या खोल्यांत, भिंतीपलीकडे. हेच एपी खोल्यांच्या आत, या बाजूला एक त्या बाजूला एक असे आलटून-पालटून लावले की भिंती शत्रूच्या मित्र होतात. शोभेला बाधा नको म्हणून काही ठिकाणी एपी फॉल्स सीलिंगच्या वर लपवतात, एसीच्या पत्र्याच्या डक्टला खेटून. छतासाठी बनवलेला एपी खाली तोंड करून चोहीकडे पसरतो. तोच भिंतीवर उभा ठोकला तर त्याची अर्धी मेहनत वरच्या आणि खालच्या मजल्यावरच्या भाडेकरूंच्या कामी येते.

चालता माणूस ही आणखी एक भानगड. लिफ्टजवळ जोडलेला फोन टेबलापर्यंत आला, डोक्यावर नवा एपी आहे, तरी तो जुन्यालाच चिकटून राहतो. जुना सोडायचा कधी, हा निर्णय फोनचा असतो, एपीचा नव्हे. ॲपलने आयफोनसाठी जाहीर केलेला उंबरठा उणे ७० डीबीएमचा आहे; तिथे पोचेपर्यंत तो नवा एपी शोधायलाच लागत नाही. सगळे एपी पूर्ण जोरात ठेवले की चाळीस मीटरवरूनही उणे ६५ येतं आणि फोनला हलायचं कारणच उरत नाही. जोर उतरवल्याचा हा दुसरा फायदा.

रिपीटरबद्दल थोडक्यात: ऑफिसात नको. तो जे ऐकतो तेच त्याच चॅनेलवर पुन्हा बोलतो, म्हणजे प्रत्येक वाक्याला दुप्पट वेळ. प्रत्येक एपीला स्वतःची केबल हवी. तांब्याच्या केबलची मर्यादा शंभर मीटर, त्यामुळे मोठ्या इमारतीत मजल्यागणिक एक रॅक आणि त्यात स्विच लागतो. वीजही त्याच केबलमधून जाते. २००३ च्या मानकाप्रमाणे १५.४ वॉट, २००९ च्या मानकाप्रमाणे ३० वॉट. जुन्या स्विचवर नवा एपी लावला तर तो सुरू होतो खरा, पण वीज पुरत नाही म्हणून गुपचूप काही रेडिओ किंवा अँटेना बंद ठेवून चालतो. बाहेरून कळत नाही.

केबलचाच आणखी एक प्रकार पाहण्यासारखा. एका मजल्यावर एकच एपी सारखा मंद. जागा बदलली, चॅनेल बदललं, एपीही बदलला. शेवटी स्विचवर पाहिलं तर त्या पोर्टचा वेग १०० मेगाबिट, बाकी सगळ्यांचा १०००. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, शंभरला दोन पुरतात. प्लगमध्ये तपकिरी जोडीची एक तार नीट दाबली गेली नव्हती. प्लग कापून नवा मारला, पाच मिनिटांचं काम.

आणि दुपारी साडेतीनची ती तक्रार, 'रेंज फुल्ल, नेट नाही'? कित्येकदा तिचा रेडिओशी संबंधच नसतो. प्रत्येक फोनला जोडणीनंतर एक पत्ता द्यावा लागतो. बसवणाऱ्याने सवयीने २५४ पत्त्यांचा साठा ठेवलेला असतो आणि दिलेला पत्ता चोवीस तास राखून ठेवायचा नियम असतो. एकेका माणसाचा फोन, लॅपटॉप, घड्याळ. सकाळपासून कुरिअरवाले, मुलाखतीला आलेली पोरं, ऑडिटर येऊन गेले. ते गेले, त्यांचे पत्ते अडकून राहिले. दुपारी साठा संपतो. नंतर येणाऱ्याला सिग्नल पूर्ण दिसतो, पत्ता मात्र मिळत नाही. पाहुण्यांसाठी राखण्याचा काळ एक-दोन तासांवर आणला आणि साठा मोठा केला की प्रश्न मिटतो, एकही नवा डबा न लावता. म्हणून पायरी क्रमांक एक मोजणीची: हातात लॅपटॉप घेऊन, कामाच्या दिवशी, भरल्या ऑफिसात मजला चालून काढायचा. नकाशावर कुठे कोण किती ऐकू येतं, कोणत्या चॅनेलवर किती वेळ व्यापलेला आहे, हे मांडायचं. चांगली मोजणी एपींची संख्या कधी वाढवते, कधी घटवते. माणसांच्या हिशेबाने पाहिलं तर एका एपीवर तीस-चाळीस चालती उपकरणं ही आखणीसाठी बरी मर्यादा. प्रशिक्षणाच्या हॉलला म्हणूनच एक पुरत नाही, मग तो हॉल कितीही लहान असो.

एवढं करूनही एक गोष्ट आपल्या हातात नसते, ती म्हणजे शेजारी. एका मजल्यावर सीएचं ऑफिस, वर कोचिंग क्लास, खाली पॅथॉलॉजी लॅब, प्रत्येकाचं आपापलं कनेक्शन आणि आपापले पूर्ण जोरातले डबे. इमारतीची देखभाल करणारी संस्था लिफ्ट आणि पार्किंगचे नियम करते, चॅनेलांचे करत नाही. भाडेकरूंनी एकत्र बसून मजल्यांनुसार चॅनेलं वाटून घेतली आणि जोर उतरवला तर सगळ्यांचाच फायदा होतो. अशी बैठक झालेली इमारत मात्र फार क्वचित सापडते. ६ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्याकडे त्यामुळे अनेकांचे डोळे लागले आहेत. त्यातले ५९२५ ते ६४२५ असे ५०० मेगाहर्ट्‌झ घरातल्या आणि ऑफिसातल्या कमी जोराच्या वापरासाठी परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा दूरसंचार विभागाने मे २०२५ मध्ये काढला. तिथे जुनी उपकरणं नाहीत, मायक्रोवेव्ह नाही, वीस मेगाहर्ट्‌झची चोवीस नवी चॅनेलं आहेत. त्याचा लाभ घ्यायला एपीही नवा लागेल, फोनही नवा लागेल. हजेरीचं यंत्र २.४ वरच राहील.